जीप किती उंच असावी

भाईंदरच्या केबिन रोडवर भर बाजारात जीपचा सायलेन्सर गळून पडला, तेव्हा हरिभाऊ गोठणकरांनी पहिलं काम काय केलं, तर मान वळवून दुसऱ्या कुणाची गाडी आसपास आहे का ते पाहिलं. अब्रूदार माणूस अशा वेळी हेच करतो. पण रस्त्यात दुसरी गाडी नव्हती, आणि त्यांची जीप आता अशी काही गर्जत होती की भाजीवाल्या बायकांनी कानांवर पदर घेतले. शेजारी बसलेल्या उर्मिलाबाई समोर बघत शांतपणे म्हणाल्या, "अहो, आपलंच पडलंय."

उर्मिलाबाई भाईंदर पूर्वेच्या शाळेत शिक्षिका. त्यामुळे त्या बाजारात निम्म्या दुकानांत त्यांच्या विद्यार्थ्यांचे आईबाप उभे. त्यांतल्याच एका वडिलांनी तो तापलेला सायलेन्सर गोणपाटात गुंडाळला आणि "बाई, हे तुमचं राहिलं," म्हणत अदबीने त्यांच्या पायाशी ठेवला. बाईंनी "थँक्यू हं" म्हटलं. हरिभाऊंना मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

हरिभाऊंनी मुळात जीप का घेतली, हा प्रश्न इथे नको. तो त्यांच्या सासऱ्यांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, आणि उत्तर अजून कुणाला मिळालेलं नाही. गिरगाव सोडून मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आलेली माणसं स्कूटर घेतात. हरिभाऊंनी लष्कराच्या लिलावातून हिरवी जीप आणली. ते स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. रोज सकाळी ते जीप काढायचे, वाटेतल्या खारी गावावरून जायचे, बाईंना शाळेत सोडायचे आणि मग कारखान्यात. एवढाच काय तो त्या रणगाड्याच्या धाकट्या भावाचा पराक्रम.

पण त्या अर्ध्या तासाची गंमत वेगळी होती. घरात हरिभाऊंच्या आई होत्या, आईंचा रेडिओ होता, मोठ्याने पाढे म्हणणारी लेक रुचिता होती आणि अचानक टपकणारे पाहुणे होते. घरात उर्मिलाबाई कामापुरतं बोलत. जीपमध्ये बसल्या की त्यांची कळी खुले. हेडबाईंची नक्कल, स्टाफरूममधली भांडणं, इन्स्पेक्टरसमोर एका पोराने दिलेलं उत्तर, सगळं हावभावांसकट. हरिभाऊ इतके हसत की गिअर टाकायचं विसरत. आपलं लग्न झालंय आणि ते बरंच चांगलं झालंय, हे त्यांना रोज नेमकं खारीच्या खड्ड्यांत जाणवायचं. ते हे कुणाला सांगत नसत. सांगायचं तरी कसं?

तर सायलेन्सर. खारीच्या नाक्यावर दशरथचं गॅरेज होतं. दशरथ जीपखाली गेला, बराच वेळ तिथेच राहिला आणि पाय हलवत म्हणाला, "साहेब, चाकांवरच्या कमानी बसल्यात. पाटे पार सपाट झालेत. गाडी खाली आली, म्हणून बुड घासतंय. हिला उचलायला लागेल."

"किती?"

"प्रत्येक कमानीत एक जादा पाटा टाकतो. मस्त उभी राहील."

इथे हरिभाऊंनी "टाक" म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हरिभाऊ सोसायटीत राहत होते. सोसायटीत राहणारा माणूस फ्रीजसुद्धा चार जणांना विचारल्याशिवाय हलवत नाही. संध्याकाळी जिन्यातच पहिल्या मजल्यावरच्या जितूभाईंनी त्यांना गाठलं.

"पाटा? अरे हरिश्चंद्रभाई, पाटा तो बैलगाडीला टाकते लोक! आजकल रेडीमेड कीट येते. माझा साडूभाई राजकोटला हाय ने, त्याची पासे हाय. लोखंडी ठोकळा. कमान आणि धुऱ्याच्या बीचमा ठेवायचा, बोल्ट मारायचा, बस. खालास. फोरेनमधे सगळे हेच करते."

जितूभाई कापडाचे व्यापारी. त्यांनी आयुष्यात कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडलं नव्हतं. पण फोरेनबद्दल ते इतक्या आत्मविश्वासाने बोलत की त्यांना अडवायची कुणाची टाप नव्हती. शिवाय त्यांनी लगेच साडूभाईला ट्रंककॉल लावला आणि ठोकळे मागवूनही टाकले. आता नाही कसं म्हणायचं? त्यांच्या घरून दर दिवाळीला मोहनथाळ येतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कॅजिटनने ऐकलं. कॅजिटन उत्तनचा. पॉलिशच्या खात्यात होता आणि सुट्टीच्या दिवशी बापाच्या होडीवर जायचा. तो पोट धरून हसला.

"ठोकळा कसला टाकतोस हरी? ठोकळा सटकला म्हंजे? कमान जिथं लटकते ना, ती कडी लांब कर. आमचा लोहार होडीचे नांगर बनवतो. असल्या कड्या बनवल, तुझी जीप समुद्रात पन बुडनार न्हाय."

"मला समुद्रात नाही न्यायची रे."

"खारीच्या रस्त्याला न्हेतोस ना? मंग एकच हाय," कॅजिटन म्हणाला, आणि त्या रविवारी चार जाडजूड कड्या पिशवीत घालून स्वतः घरी घेऊन आला. सोबत त्याच्या बायकोने, ज्युलिएटने, दिलेले सुके बोंबील. आईंनी बोंबील ठेवून घेतले. कड्या परत कशा करणार?

आता इथे मध्यमवर्गीय माणसाचा मूळ रोग लक्षात घ्यायला हवा. त्याला निवड करता येत नाही असं नाही. त्याला निवड उत्तम करता येते. पण एकाला हो म्हटलं की बाकीच्या दोघांना नाही म्हणावं लागतं, आणि ते त्याला जन्मात जमत नाही. हरिभाऊ दोन रात्री तळमळले. उर्मिलाबाई म्हणाल्या, "अहो, जीप तुमची आहे. तुम्हाला काय वाटतं ते करा." हे तर फारच अवघड होतं. शेवटी त्यांनी असा तोडगा काढला की कुणाचंच मन मोडू नये. त्यांनी तिन्ही केलं. दशरथचा पाटा, जितूभाईंचा ठोकळा आणि कॅजिटनची कडी. दशरथ म्हणाला, "साहेब, तिन्ही एकदम कोन टाकत न्हाय." मग थोडा विचार करून म्हणाला, "पण मी पण कधी टाकून बघितलं न्हाय. बघू या काय होतं." संशोधकाची ही वृत्ती पाहून हरिभाऊंना भरून आलं. त्या भरात त्यांनी स्वतःच्या अक्कलहुशारीने थोडे मोठे टायरही घालून घेतले.

जीप गॅरेजमधून बाहेर आली तेव्हा खारीतली कुत्री आधी भुंकली आणि मग गप्प झाली. हरिभाऊ चाकावर पाय देऊन पायरीवर चढले, आणि पायरीवरून सीटवर. वरून जग निराळंच दिसत होतं. भिंतीपलीकडची अंगणं दिसत होती, टपऱ्यांच्या छपरांवर वाळत टाकलेल्या चपला दिसत होत्या. वळणावर जीप जरा झुले, पण तेवढं चालायचंच. हरिभाऊंची छाती दोन इंच फुगली. ते गाणं गुणगुणत बेव्हर्ली पार्कात शिरले आणि सोसायटीच्या फाटकातून आत वळले.

सोसायटीच्या फाटकावर लोखंडी कमान होती. तिच्यावर सोसायटीचं नाव पत्र्याच्या अक्षरांत होतं. सेक्रेटरी वासंतीताई कारखानीसांनी ती कमान गेल्याच वर्षी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. जीपच्या कापडी टपाचा लोखंडी सांगाडा कमानीला लागला. मोठा आवाज झाला, आणि नाव अख्खंच्या अख्खं जीपच्या टपावर येऊन पडलं. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. वासंतीताई वरून म्हणाल्या, "गोठणकर, थांबा. पुढेही येऊ नका, मागेही जाऊ नका. मी चष्मा घेऊन येते."

त्या दिवसापासून जीप फाटकाबाहेर उभी राहू लागली. हेही हरिभाऊंनी सोसलं असतं. खरी आफत दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

उर्मिलाबाई पर्स, डबा आणि तपासलेल्या वह्या घेऊन खाली आल्या. जीपशी थांबल्या. जीपची पायरी त्यांच्या कमरेशी येत होती. त्यांनी जीपकडे पाहिलं, स्वतःच्या नेसत्या साडीकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"एक पाय इथे ठेव," हरिभाऊ वरून म्हणाले.

"कुठे?"

हरिभाऊ वाकून जागा शोधू लागले. तोवर गॅलऱ्यांतून सल्ले सुरू झाले होते. कुणी म्हणालं उजवा पाय आधी, कुणी म्हणालं डावा. जितूभाईंनी गुजरातीत धीर दिला. वासंतीताईंनी रंगाऱ्याची शिडी सुचवली. आईंनी तिसऱ्या मजल्यावरून देवघरातलं स्टूल दोरीला बांधून खाली सोडलं. स्टुलावर चढून, वह्या आधी आत फेकून, उर्मिलाबाई कशाबशा चढल्या. चढल्या तेव्हा शेजारच्या इमारतीतून टाळ्या पडल्या. शाळेसमोर उतरताना स्टूल खाली टाकावं लागलं, आणि शाळेच्या फाटकात अख्खी सातवी 'ब' रांगेने बघत उभी होती. एका मुलीने आदराने विचारलं, "बाई, धरू का?"

त्या संध्याकाळी उर्मिलाबाई म्हणाल्या, "उद्यापासून मी रिक्षाने जाईन."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर हरिभाऊंना काहीतरी करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई रिक्षात आणि हरिभाऊ जीपमध्ये. शेजारची सीट रिकामी. खारीचा रस्ता तोच, खड्डे तेच, पण जीपला एकही खड्डा जाणवेना. त्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता, आणि तो सफल झालेला बघून हरिभाऊंना अगदी उदास वाटलं. हेडबाईंची काय नवी भानगड झाली असेल? त्यांना राहवेना. त्यांनी जीप रिक्षाच्या बाजूने घेतली. वरून त्यांना रिक्षाचं फक्त पिवळं छप्पर दिसत होतं.

"अगं ए!" हरिभाऊ छपराला म्हणाले. "काल स्टाफरूममध्ये काय झालं?"

रिक्षावाल्याने मान बाहेर काढून वर पाहिलं, मग मागे वळला. "मॅडम, ऊपर से साहब पूछ रहे हैं, स्टाफरूम में कल क्या हुआ?"

"त्यांना म्हणावं, रस्त्याकडे बघा."

"साहब, मॅडम बोली रोड पे देखो."

"मग ती चित्रकलेची बाई रडली की नाही?"

"मॅडम, वो ड्रॉइंगवाली रोई क्या?" रिक्षावाल्यालाही आता उत्सुकता लागली होती. आतून काहीतरी दबल्या आवाजात बोलणं झालं. रिक्षावाला खो-खो हसायला लागला. इतका हसला की त्याने रिक्षा कडेला घेतली. हरिभाऊ वर बसून विचारत राहिले, "काय म्हणाली? अरे, काय म्हणाली?" तो डोळे पुसत म्हणाला, "साहब, ये हिंदी में नहीं आयेगा."

हरिभाऊंच्या आयुष्यात त्यांना कुणाचा हेवा वाटला असेल तर त्या रिक्षावाल्याचा.

त्यांनी ठरवलं, जीप खाली आणायची. पण कशी? तीन गोष्टींतली कुठली काढायची? आता हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा राहिला नव्हता. फाटकाच्या कमानीमुळे वासंतीताईंनी खास सर्वसाधारण सभा बोलावली होतीच. विषय एकच, गोठणकरांची जीप. कारखान्यातून कॅजिटनही आला. तो सभासद नव्हता, पण त्याच्या कड्या सभासदाच्या गाडीत होत्या म्हणून त्याला खुर्ची मिळाली. पहिला वाद झाला तो ही जीप मोटार धरायची की मालट्रक. तो अनिर्णित राहिला. मग मुख्य मुद्दा निघाला.

"पाटा काढा," जितूभाई म्हणाले. "मारो ठोकळो तो इम्पोर्टेड जेवो छे."

"ठोकळा काढा," कॅजिटन म्हणाला. "माझ्या लोहाराने जीव तोडून कड्या केल्यात."

दशरथ दाराशी उभा होता. तो म्हणाला, "पाट्याला कोन हात लावल तर मी गाडीला पुन्हा हात लावनार न्हाय."

हरिभाऊ म्हणाले, "मी टायर बदलतो." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी वासंतीताईंनी ठराव मांडला. पाटा पातळ करावा, ठोकळा कापावा, कडी आखूड करावी. प्रत्येकाचं थोडंथोडं कमी व्हावं, कुणाचंच पुरतं जाऊ नये. सोमवारी सकाळी कमिटीच्या देखरेखीखाली काम व्हावं. ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात जीप चालेल की नाही हे कुणी विचारलं नाही.

सभा उठताना कॅजिटनने हरिभाऊंना कोपऱ्यात ओढलं. "सोमवारी काप. रविवारी मला दे. माझ्या धाकट्या बहिनीचं, फ्लेव्हियाचं, लगीन हाय. चर्चच्या रस्त्यावर भरतीचं पानी येतं. बाकीच्या गाड्या बंद पडतील. पोरीला तुझ्या जीपमध्ये न्हेऊ. आनि वैनीला घेऊन ये."

उर्मिलाबाई यायला तयार झाल्या, कारण फ्लेव्हिया त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. उत्तनपर्यंत त्या बसने गेल्या. हरिभाऊ स्टुलासह जीपने गेले. जीपला पांढऱ्या फिती लावल्या, पुढे फुलांचा गुच्छ बांधला. बँडवाल्यांतल्या म्हाताऱ्या ढोलवाल्याला बसायला काही नव्हतं, त्याला कुणीतरी स्टूल दिलं. तो स्टुलासकट वाजवत वाजवत पुढे निघून गेला.

नवरी बाहेर आली. पांढरा झगा, जाळीचा पदर, हातात फुलं. समोर जीप.  हरिभाऊ शिडीची चौकशी करायला लागले. तोवर चार कोळणी पुढे झाल्या, दोघींनी इकडून, दोघींनी तिकडून फ्लेव्हियाला धरलं, आणि "हो... हैय्या!" मासळीची भरलेली पाटी टेम्पोत चढवावी तशी नवरी सीटवर. झग्याला चुणीसुद्धा पडली नाही. बँडने सूर बदलला. मग कॅजिटनने बायकोच्या कमरेला हात घालून ज्युलिएटला उचललं आणि मागच्या बाजूला ठेवलं. ज्युलिएटचं बोलणंही मध्ये थांबलं नाही.

राहिल्या उर्मिलाबाई. त्या पदर सावरत उभ्या होत्या. हरिभाऊ इकडेतिकडे स्टूल शोधत होते.

वरून ज्युलिएट ओरडली, "काय शोधतस रे? उचल ना बाईला! नवरा हायस का कोन हायस?"

हरिभाऊ लाल झाले. उर्मिलाबाई त्यांच्याहून लाल झाल्या. एवढ्या दिवसांत स्टूल निघालं, शिडी निघाली, सर्वसाधारण सभा झाली. पण हा एक उपाय अख्ख्या सोसायटीत कुणाला सुचला नव्हता. कसा सुचणार? हरिभाऊंनी चारचौघांत बायकोचा हात एकदाच धरला होता, लग्नात, आणि तोही भटजींनी सांगितलं म्हणून. ते पुढे झाले, थबकले, पुन्हा पुढे झाले. पण तोपर्यंत कोळणींना उशीर होत होता. त्यांनी "हो... हैय्या" केलं आणि बाई वर पोचल्या. पाण्यातून जीप डौलात चर्चला गेली. दोन्ही बाजूंना माणसं हात हलवत होती. उर्मिलाबाईंनी नवरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि फ्लेव्हिया इतकी हसली की तिचा गजरा सुटला. हरिभाऊंनी विचारलं नाही. नुसतं ते हसणं ऐकूनच त्यांना बरं वाटत होतं.

लग्न लागलं, जेवणं झाली. निघताना कोळणींनी बाईंना पुन्हा वर चढवलं. परतीच्या रस्त्यात उर्मिलाबाई खारीपर्यंत बोलत होत्या. चित्रकलेच्या बाईंचं काय झालं तेही कळलं. ते खरंच हिंदीत आलं नसतं.

दिवेलागणीला जीप सोसायटीच्या फाटकाबाहेर उभी राहिली. हरिभाऊ खाली उतरले. उर्मिलाबाई वर. स्टूल उत्तनला राहिलं होतं. कोळणीही उत्तनला राहिल्या होत्या. गॅलऱ्यांत माणसं जमू लागली.

"हरिश्चंद्रभाई, शिडी आणू?" जितूभाईंनी वरून विचारलं.

हरिभाऊंनी वर पाहिलं. तीन मजले भरून माणसं. मग त्यांनी जीपकडे तोंड केलं आणि दोन्ही हात पसरले.

"अहो!" उर्मिलाबाई कुजबुजल्या. "लोक बघतायत."

"बघू देत," हरिभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "त्यांनीच सगळ्यांनी मिळून एवढी उंच केलीय."

बाईंनी डोळे मिटले आणि खांद्यांवर हात टाकले. हरिभाऊंनी बायकोला उचललं. त्यांची पाठ कडकन वाजली, एक चप्पल कुठेतरी गेली, ते दोन पावलं मागे गेले, पण त्यांनी सोडलं नाही. अलगद खाली ठेवलं.  मग वासंतीताईंचा आवाज आला, "गोठणकर, कंबर सांभाळा हो!" आणि उर्मिलाबाईंना असं हसू फुटलं की त्यांना जीपला टेकून उभं राहावं लागलं. हरिभाऊंना वाटलं, आपण जगातली सगळ्यात चांगली गाडी घेतलीय.

सोमवारी सकाळी ठरावाप्रमाणे कमिटी फाटकाबाहेर हजर होती. जितूभाई ठोकळा किती कापायचा ते खडूने दाखवत होते. दशरथ जॅक घेऊन जीपखाली शिरला होता. हरिभाऊ पाठीला मलम चोपडून बाजूला उभे होते.

उर्मिलाबाई पर्स, डबा आणि वह्या घेऊन खाली आल्या. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"दशरथ, बाहेर या," त्या वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या. दशरथ तत्काळ बाहेर आला. "जीप आहे तेवढीच राहील."

"पण उर्मिला," वासंतीताई म्हणाल्या, "ठराव झालाय. आणि तुला चढायला..."

"ही उंची बरोबर आहे," उर्मिलाबाई म्हणाल्या. त्यांनी पर्स, डबा आणि वह्या वासंतीताईंच्या हातात दिल्या, आणि सगळ्या गॅलऱ्यांसमोर नवऱ्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले.

"चला, उचला. प्रार्थनेला उशीर होतोय."